खर्रा खाणाऱ्या आबाजींचा चेहरा: हाताने हलवावा की कॅमेऱ्याने?

यवतमाळकडच्या एखाद्या गावात बसून वऱ्हाडी बोलणारे, खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) चघळणारे थ्रीडी आबाजी बनवायचे आहेत, लॅपटॉप साधा आहे आणि पैसे खर्चायचे नाहीत. अशा वेळी दोन मार्ग उरतात. ब्लेंडर या फुकटच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये चेहऱ्याचा एकेक आकार हाताने घडवायचा, त्याला शेप की म्हणतात. नाहीतर कॅमेऱ्यासमोर स्वतः अभिनय करायचा आणि तो आबाजींच्या चेहऱ्यावर उतरवायचा. कातडीखाली स्नायू कल्पून ते आकसवायचे, हा तिसरा मार्ग संशोधक कीथ वॉटर्सने १९८७ मध्ये दाखवला. त्याचा पुढचा अवतार मोठ्या स्टुडिओंचा खेळ आहे, तो सोडून देऊ.

हाताचा मार्ग जुना आहे. फ्रेडरिक पार्क याने १९७२ मध्ये युटा विद्यापीठात खऱ्या चेहऱ्याचे वेगवेगळे भाव संगणकात उतरवले आणि एका भावातून दुसऱ्यात जाताना मधल्या स्थिती संगणकाकडून भरून घेतल्या. शेप की आजही तसेच चालतात: चेहऱ्यावरचा प्रत्येक बिंदू इथून तिथे सरळ रेषेत जातो. गोची तिथेच आहे. पापणी गोल डोळ्यावरून वळसा घेत उतरते. सरळ रेषेत उतरवली की अर्ध्यावर डोळ्यात घुसते. हे कळायला माझे आठ दिवस गेले. पापणी आणि जबड्याला हाड (तो भाग गोल फिरवणारा आतला दांडा) लावा, ओठ-गाल-भुवयांना शेप की, म्हणजे भांडण मिटते.

आकार कोणते घ्यायचे, याची यादी मानसशास्त्रज्ञ एकमन आणि फ्रीसन यांनी १९७८ मध्येच करून ठेवली आहे. तिच्यात १२ नंबरची हालचाल ओठांचे कोपरे वर ओढते आणि ६ नंबरची गाल उचलून डोळ्याभोवती सुरकुत्या पाडते. नुसता १२ वापरला तर पुढाऱ्याच्या फ्लेक्सवरचं हसू मिळतं. सोबत थोडा ६ चढवला की आबाजी खरंच नातवाकडे पाहून हसल्यासारखे वाटतात.

कॅमेऱ्याचा वेग मात्र हाताला कधीच येणार नाही. मिनिटभर अभिनय केला की मिनिटभराची हालचाल तयार. आयफोन एक्सपासून, म्हणजे २०१७ पासून, पुढच्या कॅमेऱ्याला चेहऱ्याचा कोणता भाग किती अंतरावर आहे ते कळते आणि ॲपलची प्रणाली चेहऱ्याच्या ५२ हालचालींचे आकडे देते. आयफोन नसेल तर गूगलचे मीडियापाइप हे सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवर चेहऱ्याचे ४६८ बिंदू पकडते, फुकटात. पण खोलीत उजेड कमी असला, किंवा दार उघडे आणि पाठीमागून ऊन येत असले, की आकडे थरथरतात आणि आबाजींना हिवताप भरतो. लाइट गेली तर कामच थांबवा.

आता खरी अडचण. ॲपलच्या त्या ५२ हालचालींत गाल फुगवायची नोंद एकच आहे, दोन्ही गालांना मिळून. आमच्या आबाजींचा खर्रा डाव्या गालात असतो. थुंकी सांडू नये म्हणून ते हनुवटी वर करून, ओठ अर्धे मिटून बोलतात. हे कॅमेऱ्यासमोर कितीही हुबेहूब करा, उतरणार नाही.

बोलीचेही तसेच. जिभेसाठी ॲपलच्या यादीत एकच नोंद, जीभ बाहेर काढणे. ‘ळ’ म्हणताना मागे वळलेल्या जिभेला तिथे जागा नाही. वऱ्हाडीत ‘डोळे’चे ‘डोये’ होतात, म्हणून निम्मे संकट आपोआप टळते. पण संवाद पुस्तकी मराठीत लिहून त्यावरून ओठ बसवणाऱ्यांचे तोंड एक म्हणते आणि आवाज दुसरेच. आवाज आधी रेकॉर्ड करा, ओठ नंतर.

माझं मत विचाराल तर: आठवड्याला दोन रील टाकायच्या असतील तर कॅमेरा घ्या, मान, भुवया आणि पापण्या त्याच्यावर सोडा, तोंड हाताने दुरुस्त करा. दोन मिनिटांची एकच, पण जीव लावून केलेली फिल्म असेल तर सगळं हातानेच, समोर आरसा ठेवून. आणि गाल कोणत्याही मार्गाने गेलात तरी वेगळा घडवावाच लागतो. माझ्या फाइलमध्ये त्या शेप कीचे नाव ‘खर्रा डावा’ असेच आहे.