न्यूयॉर्कमध्ये चिकन राइस खायचा तर

मॅनहॅटनमध्ये वेस्ट ५०व्या रस्त्यावर 'अर्बन हॉकर' आहे, २०२२ साली सुरू झालेलं. सिंगापूरच्या हॉकर सेंटरसारखे एका छताखाली बरेच स्टॉल. तिथे 'हैनान जोन्स' या स्टॉलचा चिकन राइस, म्हणजे उकडलेली कोंबडी आणि भात, घ्याच. या पदार्थाची पारख मी कोंबडीवरून नाही, भातावरून करते. भात कोंबडीच्या पाण्यात, आलं-लसूण घालून शिजवलेला हवा, दाणा मोकळा आणि त्यावर चरबीची बारीक चकाकी. इथला भात मी नुसताही आवडीने खाते. सोबतची लाल मिरचीची चटणी जास्तीची मागून घ्या.

मलेशियन हवं असेल तर सरळ क्वीन्समधलं एल्महर्स्ट गाठा. मॅनहॅटनमध्येच एका चकचकीत ठिकाणी नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, मागवला, तर सोबतचा सांबल, म्हणजे मिरचीची चटणी, जॅमसारखा गोड! बेलाचानचा, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीच्या वड्यांचा, वासच नाही. तो उग्र वास नसेल तर सांबल कसला? एल्महर्स्टच्या छोट्या हॉटेलांत तो दारातच येतो. रोटी चनाई, म्हणजे पापुद्र्यांचा पराठा, मात्र तिथेच बसून खा, घरपोच मागवू नका. तव्यावरून उतरल्यावर तिचे पापुद्रे जेमतेम काही मिनिटं कुरकुरीत राहतात, डब्यात वाफ धरली की ती चिवट होते. बरोबरची पातळ करी वाटीभर प्यावी इतकी छान.