एकांकिकेचं भाड्याचं सामान: लेव्हल, पार आणि आपली भाषा

कोल्हापुरातली विद्यापीठाची नाटकवाली पोरं लेव्हल (स्टेजवर ठेवायचे चौथरे), फ्लॅट (सेटच्या भिंतींच्या चौकटी) नि लाइट ज्या भाडेवाल्याकडून उचलतात, त्याची मोठी जमेची बाजू म्हणजे त्याला आपली भाषा कळते. ‘दोन ठोकळे, एक लेव्हल, चार पार’ (पार म्हणजे झोताचे दिवे) एवढं फोनवर सांगितलं की पुढचं तोच विचारतो: लेव्हल सहा इंची की फूटभर? वरून कुणी उडी मारणार आहे का? मंडपवाल्याला लेव्हल सांगा, तो अख्खं स्टेज घेऊन येईल.

एक शब्द मात्र जपून. ‘तालमीला सामान पाठवा’ म्हणू नका. कोल्हापुरात तालीम म्हटलं की आधी पेठेतली तालीम, म्हणजे कुस्तीचा आखाडा. कुठला हॉल, कुठलं गेट, ते स्पष्ट सांगा.

लेव्हल दणकट आहेत. तरी टेम्पोतून उतरवल्यावर चारही कोपऱ्यांवर उभं राहून बघा. डुगडुगली तर खाली पुठ्ठा सारू नका, बदलूनच मागा. लेव्हल वाजली की हळू आवाजातलं वाक्य मेलं. फ्लॅट बिजागरीत सळई घालून जोडायचे आहेत, हे फार बरं. युवा महोत्सवात एकांकिकेला ३० मिनिटं, सेट लावायला-काढायला १०. स्क्रू पिळत बसायला वेळच नसतो.

खरी काळजी लाइटची. जुने ‘पार ६४’ जातीचे दिवे एकेक हजार वॅटचे, म्हणजे प्रत्येकी साधारण साडेचार अँपिअर. १५ अँपिअरच्या पॉइंटवर तीनच लावा. चौथ्यानं फ्यूज जातो आणि ऐन सीनमध्ये ब्लॅकआउट. एलईडी पारना थेट सप्लाय द्या, डिमरच्या (उजेड कमीजास्त करायच्या यंत्राच्या) चॅनेलला जोडले तर लुकलुकतात, जळतातही. संथ फेड, म्हणजे उजेड हळूहळू विझायला हवा असेल तर जुनेच पार घ्या. स्वस्त एलईडी शेवटी एकदम विझतो, जुना पार पिवळा होत होत मावळतो. त्या मावळण्याला तोड नाही.

नाराजी जिलेटिन पेपरवर, म्हणजे लाइटपुढे लावायच्या रंगीत कागदावर. उजेडासमोर धरून बघा, निळ्याचा रंग मधोमध उडालेला निघतो. गडद निळा बराचसा उजेड शोषून तापतो, म्हणून तो आधी जातो. मग नटानं कितीही बरोबर ‘लाइट घेतला’, म्हणजे झोतात नेमका उभा राहिला, तरी चेहऱ्यावर पांढरट डाग पडतो. निळा पेपर स्वतःचा न्या, बाकी रंग इथले चालतात. परत देताना वायरी मोजून द्या, कारण हिशेबाला भाडेवाला पक्का आहे.