गर्भपिशवीतला पॉलिप आणि फायब्रॉइड काढायला शेव्हर घ्यावा की रिसेक्टोस्कोप?

लहान नर्सिंग होममध्ये ऑपरेटिव्ह हिस्टेरोस्कोपी, म्हणजे योनीमार्गे दुर्बीण घालून गर्भपिशवीच्या आत शस्त्रक्रिया, सुरू करायची असेल आणि पैसे एकाच यंत्रापुरते असतील, तर बायपोलर रिसेक्टोस्कोप घ्यावा. तो आधीच आहे, त्यावर हात बसला आहे, आणि ओटीच्या यादीत पॉलिप (अस्तराची मऊ वाढ), गर्भपातानंतर चिकटून राहिलेले वारेचे तुकडे आणि पोकळीत लोंबणारे छोटे फायब्रॉइड (स्नायूच्या गाठी) यांचीच गर्दी आहे, अशा ठिकाणी मोटरवर चालणारा शेव्हर आपली किंमत वसूल करतो. डेमो देणारी मंडळी साहजिकच मऊ, लोंबता पॉलिप निवडतात. तो पाहता पाहता नाहीसा झाला म्हणून लगेच ऑर्डर देऊ नये. डेमोसाठी टाइप १ ची, म्हणजे निम्म्याहून कमी भाग स्नायूत रुतलेली, टणक गाठ मागावी.

रिसेक्टोस्कोपमध्ये तारेचा अर्धगोल लूप विजेवर कापतो. बाहेरची नळी साधारण २६ फ्रेंच, म्हणजे जवळजवळ ८.७ मिमी, त्यामुळे गर्भाशयमुख हेगर (रुंदावायची सळई, आकडा मिमीत) ९.५ ते १० पर्यंत रुंदावावं लागतं. १९७८ साली न्यूवर्थ यांनी हे मूत्रमार्गाचं हत्यार सबम्यूकस, म्हणजे अस्तराखालच्या, फायब्रॉइडसाठी वापरल्याचं लिहिलं, आणि मूळ रचना आजही तीच आहे.

शेव्हरमध्ये एकात एक अशा दोन पोकळ नळ्या असतात. बाहेरच्या नळीच्या टोकाशी, एका बाजूला खिडकी असते. आतली धारदार नळी मोटरवर फिरते किंवा मागेपुढे सरकते. सक्शन ऊतक खिडकीत ओढतं, आतली धार ते कापते आणि तुकडा त्याच नळीतून जाळीच्या पिशवीत पडतो. वीज ऊतकापर्यंत पोचतच नाही. आजच्या बहुतेक सेटची दुर्बीण ६ ते ७ मिमीच्या आसपास असते. छोट्या पॉलिपला हेगर ६-७ पुरतो, कधी तर रुंदावावंच लागत नाही. नेदरलँड्सच्या इमॅन्युएल यांनी हे तंत्र मांडलं. त्यांच्या २००५ च्या लेखात पॉलिपला सरासरी ८.७ मिनिटं लागली, रिसेक्टोस्कोपने ३०.९. फायब्रॉइडसाठी हेच आकडे १६.४ आणि ४२.२ होते. पण ती जुन्या केसपेपरवरून केलेली तुलना होती. कुठली गाठ कोणत्या यंत्राकडे गेली हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. २००८ मध्ये शिकाऊ डॉक्टरांच्या हातांनी झालेल्या यादृच्छिक चाचणीत फरक आटला: शेव्हर १०.६ मिनिटं, रिसेक्टोस्कोप १७. आम्ही दुसरी जोडी जास्त खरी मानतो.

हा वेळ वाचतो कुठे? लूपने कापलेल्या चिप्स पोकळीत तरंगतात, चित्र झाकतात, आणि दर काही मिनिटांनी लूप बाहेर काढून त्या वेचाव्या लागतात. प्रत्येक आतबाहेरीबरोबर गर्भाशयमुख फाटण्याची, भोक पडण्याची आणि हवा आत जाण्याची शक्यता वाढते. शेव्हर एकदा आत गेला की काम संपेपर्यंत आतच राहतो.

पोकळी फुगवायला सोडलेल्या द्रवाचा हिशोब मात्र दोन्हीकडे सारखाच कडक हवा, आणि आपल्याकडे नेमकी इथेच ढिलाई होते. अजूनही मोनोपोलर लूप आणि १.५ टक्के ग्लायसिन चालू असेल, तर शेव्हरचा विचार करण्याआधी ते बदला. ग्लायसिनचं १००० मिली डेफिसिट (आत सोडलेल्यातलं परत न आलेलं) रक्तातलं सोडियम लिटरमागे सुमारे १० मिलिमोलने उतरवू शकतं, म्हणून निरोगी बाईत तिथेच थांबायचं. बायपोलर लूप आणि शेव्हर दोन्ही ०.९ टक्के सलाईनवर चालतात. तिथे मर्यादा २५०० मिली. वयस्क किंवा हृदयविकाराची रुग्ण असेल तर ग्लायसिनला ७५० आणि सलाईनला १५०० मिलीला हात आवरायचा. सलाईनने सोडियम उतरत नाही, पण फुप्फुसात पाणी भरायचं ते भरतंच. मोजताना तीन लिटरच्या पिशवीत छापलेल्यापेक्षा थोडं जास्त भरलेलं असतं, आणि ड्रेपखालून जमिनीवर सांडलेलं कुणी धरत नाही. कुल्ल्याखाली पिशवीवाला ड्रेप लावा आणि एका सिस्टरला दर पाच मिनिटांनी आकडा मोठ्याने सांगायला बसवा. शेव्हर सक्शनमुळे पाणी भराभर ओढतो, त्यामुळे वापर मोठा दिसतो. वापर आणि डेफिसिट यांत गल्लत करू नका.

शेव्हर चालवताना अडतं ते बहुधा पुढच्या जागांवर. पातं आत घालण्याआधी वाटीतल्या सलाईनमध्ये चालवून पाहावं: पाणी ओढलं जातं का, आणि थांबल्यावर खिडकी बंद राहते का. ती उघडी थांबली तर सक्शन पोकळीतलं पाणी उपसून काढतं, भिंती एकमेकींना चिकटतात आणि पडद्यावर नुसता गुलाबी धुरळा उरतो. सक्शन २०० मिमी पाऱ्याच्या वर लागतं. ओपीडीतलं जुनं यंत्र पुरेलच असं नाही. पोकळीतला दाब ७०-८० पासून सुरू करून सरासरी रक्तदाबाच्या खाली ठेवावा. आधी दोन्ही गर्भनलिकांची तोंडं पाहून घ्यावीत. मग खिडकी गाठीवर सपाट टेकवून हात स्थिर ठेवायचा आणि पायडल दाबायचं. लूपची सवय असलेला हात इथे मागेपुढे ओढत राहतो आणि काहीच कापलं जात नाही. पॉलिपला मोकळ्या टोकाकडून बुडख्याकडे जावं. बुडखा आधी कापला तर पॉलिप सुटून मासोळीसारखा पोकळीभर फिरतो आणि खिडकीत येत नाही. मोटर चालते पण कापलं जात नसेल, तर क्रमाने पाहा: खिडकी सपाट टेकली आहे का, सक्शनची नळी दुमडली आहे का, जाळी भरली आहे का. सगळं ठीक असेल तर पातं बोथट झालं आहे. कॅल्शियम बसलेल्या गाठीवर हे हमखास होतं.

रक्त आलं की शेव्हरची मर्यादा उघडी पडते. त्याच्याकडे भाजून थांबवायची सोय नसते. दाब थोडा वाढवून दोन मिनिटं थांबायचं, बाहेर जाणारी तोटी किंचित उघडी ठेवून पाणी फिरतं ठेवायचं. तेवढ्याने नाही भागलं तर फोलीचा फुगा १५-२० मिली भरून काही तास. लूप तिथल्या तिथे रक्तवाहिनी शेकतो.

टाइप २, म्हणजे निम्म्याहून जास्त भाग स्नायूत रुतलेला फायब्रॉइड, हा आमच्या मते आजही लूपचाच. शेव्हरची खिडकी बाजूला असते. पोकळीत आलेला भाग तो सपाट करतो, पण रुतलेल्या भागाच्या कडेने आत शिरता येत नाही. लूप वीज बंद ठेवून गाठ तिच्या कवचातून उचकटायलाही वापरता येतो. गाठीच्या मागे बाहेरच्या आवरणापर्यंत ५ मिमीही स्नायू उरत नसेल तर दोन्ही यंत्रं बाजूला ठेवावीत. पडदा, म्हणजे सेप्टम, आणि टीबीनंतरचे घट्ट चिकटे यांनाही शेव्हर कामाचा नाही. तिथे कात्री किंवा लूप. उलट चिकटलेल्या वारेच्या तुकड्यांना आम्ही शेव्हरच निवडू. उष्णता नाही, त्यामुळे शेजारचं अस्तर भाजत नाही, आणि या बाईला बहुधा पुढे मूल हवं असतं.

भोक पडलं तर दोन्हीकडे प्रकरण गंभीर. चालू लूपने पडलं असेल तर आतडं भाजल्याची शंका धरून लॅप्रोस्कोपी करायचीच. शेव्हर चालू असताना पडलं तर सक्शनने आतडं खिडकीत आलं असू शकतं, तेव्हाही करायचीच. लूपला पायडल फक्त स्वतःकडे ओढताना, शेव्हरला फक्त खिडकी पडद्यावर दिसत असताना.

पॅथॉलॉजिस्टला शेव्हरचे तुकडे बारीक वाटतात, पण कडा जळलेल्या नसतात. जाळीतलं सगळंच्या सगळं फॉर्मलिनमध्ये द्यावं. शेव्हरला मॉर्सेलेटर, म्हणजे ऊतकाचे तुकडे करणारं यंत्र, असंही म्हणतात. हल्ली रुग्ण ‘मॉर्सेलेटर म्हणजे कॅन्सर पसरतो ना?’ असं विचारतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये दिलेला इशारा पोटातून वापरायच्या लॅप्रोस्कोपिक मॉर्सेलेटरबद्दल होता. इथे तुकडे नळीतून थेट जाळीत जातात. तरी कॅन्सरची शंका असेल तिथे आधी बायोप्सीचा रिपोर्ट हातात हवा.

खर्चाची खरी मेख पात्यांत आहे. मायोशुअर आणि ट्रूक्लिअर या शेव्हरांची पाती एकदाच वापरायची. ‘धुऊन दोनदा चालतं’ हा सल्ला ऐकू नका: पोकळ नळीच्या आतलं ऊतक ब्रशला लागत नाही, आणि बोथट धार कापायच्या जागी ओरबाडते. कार्ल स्टोर्झच्या बिगाटी शेव्हरची पाती पुन्हा वापरता येतात. महिन्याला मोजक्या केस असतील तर तो पर्याय आधी पाहावा, पण अरुंद नळ्या आतून नीट धुण्याची व्यवस्था आणि ते काम रोज करणारा माणूस असेल तरच. हॉस्पिटलमध्ये कान-नाक-घशाचा शेव्हर असेल तर त्याच कन्सोलवर हे हँडपीस (हातात धरायचा मोटरचा भाग) चालेल का, तेही विचारून घ्या. हँडपीस पाण्यात बुडवायचं की नाही हे कंपनीच्या कागदावर वाचूनच सीएसएसडीत (निर्जंतुकीकरण विभागात) द्यावं. मोटरी बहुतेक तिथेच मरतात. आणि करारावर सही करण्याआधी पातं किती दिवसांत पोचतं ते लिहून घ्या. फायब्रॉइडच्या केसला दोन पाती टेबलाजवळ हवीत. एकच शिल्लक असेल तर त्या दिवशी लूपचा सेट निर्जंतुक करून ठेवा.