खोकं खरं, कार्ट्रिज खरं, शाई तेवढी खोटी

सोलापुरात घरच्या प्रिंटरसाठी कार्ट्रिज घेणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय. डुप्लिकेट माल ओळखायचा म्हटलं की लोक सांगतात, खोक्यावरची छपाई बघा, स्पेलिंग बघा, चमकणारं लेबल बघा. आम्ही बघितलं होतं. सगळं बरोबर होतं, कारण खोकं कंपनीचंच होतं, त्यावरचं लेबल कंपनीचंच आणि आतलं कार्ट्रिजही कंपनीच्या कारखान्यातूनच आलेलं. फक्त ते आधी कुणाच्या तरी घरी वापरून संपलेलं होतं. त्यात सुईने भलतीच शाई भरून, खोक्यात परत घालून, ते नवं म्हणून आमच्या गळ्यात मारलं.

आमच्या वहिनी घरी शेंगाचटणी करून विकतात. मे महिन्यात सुट्टीला आलेली पुण्या-मुंबईची मंडळी परत जाताना किलो-किलोने नेतात, शिवाय पुण्यातली एक-दोन दुकानं नेमाने घेतात. पाकिटांची लेबलं जुळे सोलापुरातल्या आमच्या घरीच छापली जातात. फूड लायसन्सचा चौदा आकडी नंबर, वजन, बनवल्याची तारीख, सगळं त्यावर लागतं. चटणी ज्या दिवशी कुटली त्या दिवशीची तारीख टाकायची, म्हणून प्रेसमधून एकगठ्ठा छापून ठेवण्यात अर्थ नाही. प्रिंटर एचपीचा आहे. त्याला ६८० नंबरची दोन कार्ट्रिज लागतात, एक काळं आणि एक तिरंगी. कंपनीच्या हिशेबाने काळ्यात सुमारे ४८० पानं निघतात आणि रंगीतमध्ये १५०. हा हिशेब ठरावीक चाचणीच्या पानांचा असतो, ठळक अक्षरांच्या लेबलांना तो लावायचा नाही. तरी अंदाज यायला बरा.

नव्या पेठेत एका दुकानातून आम्ही काळं कार्ट्रिज घेतलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. छापील किमतीपेक्षा दीडशे रुपये कमी, वर हातात कॅरीबॅग. पैसे देताना मालक म्हणाला, "जुनं रिकामं असंल तर घेऊन या की, पन्नास रुपये देतो. पण खोक्यासकट पाहिजे बरं का. खोकं फाडू नका, झाकण नीट उघडा."

खोकं कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "कंपनीला रिटर्न करावं लागतं, सर."

कंपनी रिकामी कार्ट्रिज पुनर्वापरासाठी परत घेते हे खरं आहे. पण त्यासाठी मूळ खोकं लागत नाही. या पन्नास रुपयांतच सगळ्या धंद्याची किल्ली आहे. रिकामं कार्ट्रिज भंगारात काही किमतीचं नसतं. न फाटलेल्या मूळ खोक्यासकट आलं की ते पुन्हा पूर्ण भावाने विकता येतं.

खोक्यावरचा क्यूआर कोड मी दुकानातच मोबाइलने स्कॅन केला. खरा निघाला. निघणारच, लेबल खरंच होतं ना. तो कोड खोक्याबद्दल सांगतो, आतल्या शाईबद्दल त्याला काय माहीत!

पहिली शंका घरी वहिनींना आली. आतलं पाकीट हातात घेऊन त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे हाताच्या मशीनवर सील केलंय." रोज चटणीची पाकिटं त्याच मशीनवर बंद करणाऱ्या बाईला ती बारीक, एका टोकाला जरा वाकडी झालेली रेघ ओळखायला वेळ लागत नाही. कारखान्यातलं सील रुंद आणि कडेपर्यंत एकसारखं असतं. मग कार्ट्रिज बाहेर काढलं. नव्या कार्ट्रिजच्या तळाशी, शाई जिथून बाहेर पडते त्या भागावर, ओढून काढायची पट्टी असते आणि तिला धरायला शेपूट असतं. इथे साधी पारदर्शक चिकटपट्टी होती. मागच्या बाजूच्या तांब्याच्या ठिपक्यांवर बारीक ओरखडे होते. असे ओरखडे कार्ट्रिज प्रिंटरमध्ये बसवल्या-काढल्यावर पडतात. आणि खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने कुणीतरी तारीख लिहिलेली होती, २२/११. कोण जाणे कुठल्या घरातला नीटनेटका माणूस असेल, कार्ट्रिज कधी घातलं याची नोंद ठेवणारा. त्यालाही पन्नास रुपये मिळाले असतील.

प्रिंटरमध्ये घातल्यावर स्क्रीनवर सूचना आली की हे कार्ट्रिज वापरलेलं किंवा बनावट असू शकतं. दुकानात फोन केला. "तो मेसेज सगळ्यांनाच येतो सर, ओके दाबा आणि चालवा." सगळ्यांना येत नाही. त्यांच्याकडून घेणाऱ्या सगळ्यांना येत असेल, ही गोष्ट वेगळी.

लेबलं छापून निघाली. काळा रंग थोडा निळसर वाटत होता, अक्षरांच्या कडा कागदात किंचित पसरलेल्या. घाई होती, पाकिटं भरली, पार्सल गेलं. आठवड्याभरात पुण्याच्या दुकानदाराचा फोटो आला. ओला हात लागलेल्या लेबलांवर तारखेच्या जागी नुसता जांभळट डाग. तारीख वाचता येत नाही असा माल मी दुकानात ठेवणार नाही, असं त्याने स्पष्ट कळवलं. त्याचं काहीच चुकलं नाही. पार्सल परत आलं, येण्या-जाण्याचं भाडं आमच्या अंगावर पडलं. कार्ट्रिजच्या किमतीपेक्षा हे नुकसान मोठं.

असं का झालं ते नंतर कळलं. या कार्ट्रिजमधली मूळ काळी शाई पिगमेंटची असते. म्हणजे रंगाचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. ते कागदाच्या वर बसतात, वाळल्यावर पाण्याने सहजी हलत नाहीत. रंगीत कार्ट्रिजमधली शाई डायची असते, ती पाण्यात पूर्ण विरघळलेली. स्वस्तात रिफिल करणारे बऱ्याचदा काळ्यातही डायचीच शाई भरतात, ती लिटरने मिळते. ओळखायची युक्ती सोपी आहे. साध्या कागदावर चार काळ्या ओळी छापा, वाळू द्या, बोट ओलं करून फिरवा. निळा-जांभळा ओघळ आला तर आत काय भरलंय ते समजून घ्या.

दुकानात गेलो तर मालकाने उन्हावर ढकललं. "त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री चाललंय सर, शाई टिकती का? सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीय." उन्हाळ्यात प्रिंटर बरेच दिवस बंद राहिला तर छिद्रांतली शाई वाळते, पांढऱ्या रेघा येतात, एवढं खरं. पण काळ्याचं निळं होत नाही. वाद घातल्यावर त्याने दुसरं खोकं काढून दिलं, तेही सीलबंद.

त्या दुसऱ्या कार्ट्रिजने मालकाचं सगळं उघडं पाडलं. एचपीच्या अनेक प्रिंटरांत 'कार्ट्रिज प्रोटेक्शन' नावाची एक सोय असते. ती चालू असेल तर कार्ट्रिज कायमचं त्या एका प्रिंटरशी बांधलं जातं, दुसऱ्या प्रिंटरमध्ये चालतच नाही. आमच्या स्क्रीनवर आलं की हे कार्ट्रिज दुसऱ्या प्रिंटरशी जोडलेलं आहे. सीलबंद खोक्यातलं, आमच्या हाताने उघडलेलं कार्ट्रिज दुसऱ्या कुणाच्या प्रिंटरशी कधी जोडलं गेलं? स्क्रीनचा फोटो काढला आणि तसाच मालकासमोर धरला.

त्यावरही त्याच्याकडे उत्तर तयार होतं. "तुमच्या प्रिंटरचं हेड गेलंय, सर. ठेवून जा, सहाशेमध्ये सर्व्हिस करून देतो." पहिल्या फसवणुकीच्या पोटातली ही दुसरी फसवणूक, आणि हिच्यात जास्त लोक अडकत असावेत. आमच्या प्रकारच्या प्रिंटरात हेड नावाचा भाग प्रिंटरमध्ये नसतोच. तो कार्ट्रिजच्या तळाशीच असतो. तिथे बारीक छिद्रं असतात, प्रत्येक छिद्राशी एक सूक्ष्म हीटर. तो क्षणभर तापतो, शाईत बुडबुडा होतो आणि थेंब कागदावर फेकला जातो. कार्ट्रिज बदललं की हेड बदललं. एप्सनच्या टँकवाल्या प्रिंटरांत हेड प्रिंटरमध्ये बसवलेलं असतं, तिथे सर्व्हिसची भाषा समजू शकते. आमच्याकडे त्याच वेळी रंगीत कार्ट्रिजने स्वच्छ छपाई होत होती. मग बिघडलं कुठलं हेड? हे विचारल्यावर मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

टँकवाल्यांनीही फार निश्चिंत राहू नये. शाईच्या बाटल्या तर भरायला आणखी सोप्या, आणि चुकीची शाई तिथे थेट प्रिंटरच्याच हेडमध्ये जाते.

रिफिलला माझा विरोध नाही. सोलापुरात काटकसरीने चालणारी घरं, झेरॉक्सवाले, क्लासवाले सगळे रिफिल करून घेतात आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. नव्या पेठेच्याच पलीकडच्या गल्लीत एक जण आहे, गिऱ्हाइकासमोर सिरिंजने शाई भरतो, पावतीवर 'रिफिल' लिहितो आणि दीडशे रुपये घेतो. दुकानातून आलेली दोन्ही काळी कार्ट्रिज त्याला दाखवली. वरचं स्टिकर त्याने नखाने उचललं, तर खाली भोकं मोठी केल्याच्या खुणा. "हे दोन-तीनदा तरी भरलेलं आहे," म्हणाला. असं भरलेलं कार्ट्रिज घातलं की शाईची पातळी स्क्रीनवर रिकामी का दिसते तेही त्यानेच सांगितलं. प्रिंटर आत शाई किती आहे ते बघत नाही, किती थेंब फेकले ते मोजून अंदाज बांधतो. त्यामुळे पुन्हा भरलेल्या कार्ट्रिजचा हिशेब त्याला लागत नाही. नवं म्हणून घेतलेल्या कार्ट्रिजची पातळी पहिल्याच दिवशी रिकामी दिसली, तर तिथेच थांबा.

आता पावती. आम्हाला मिळालेल्या पावतीवर जीएसटीचा नंबर छापलेला होता, म्हणून पक्की वाटली. हा नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ने सुरू होतो. आमच्या पावतीवर २७ होतं, पण अक्षरं चौदाच. वस्तूच्या रकान्यात 'कॉम्प्युटर सामान' एवढंच. कार्ट्रिजचा नंबर लिहून द्या, 'नवीन, ओरिजिनल' असं लिहून द्या, म्हणून आग्रह धरा. खरा माल विकणारा लगेच लिहून देतो. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं, लॉगिनही लागत नाही.

आमच्याकडे यूपीआयने पैसे दिल्याची नोंद, स्क्रीनचे फोटो, तारीख लिहिलेलं खोकं आणि दोन्ही कार्ट्रिज होती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. काही दिवसांनी दुकानातून फोन आला, आवाज एकदम मऊ. कार्ट्रिजचे पैसे परत मिळाले. पुण्याहून परत आलेल्या पार्सलचं भाडं आणि वाया गेलेली लेबलं, यावर मात्र मालक "ते आमच्याकडं नाही येत" म्हणतो. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चालली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. म्हणजे तुमच्या कपाटात मागच्या वर्षीचं असं कार्ट्रिज पडलेलं असेल तर अजून वेळ गेलेली नाही. टाकून देऊ नका, पावतीसोबत पिशवीत घालून ठेवा.

आणि रिकामं कार्ट्रिज कुणालाही देताना आधी त्याचे तांब्याचे ठिपके स्क्रू ड्रायव्हरने खरवडा, खोक्याचे चार तुकडे करा. वहिनी चटणीच्या कात्रीनेच करतात. पन्नास रुपये बुडतात, बुडू देत.