डिझाइनही एआयलाच विचारायचं, की फक्त कोड?

पाच-सहा जणांची टीम, जुना मोनोलिथ (सगळं एकाच मोठ्या प्रोग्रॅममध्ये), आणि त्यातलं ऑर्डरचं मॉड्यूल वेगळं काढायचंय. कोड लिहून देणारा कोपायलट किंवा कर्सरसारखा एआय असिस्टंट हाताशी आहेच. मग डिझाइनही त्यालाच विचारायचं, की फळ्यावर आपण आखून त्याच्याकडून फक्त कोड लिहून घ्यायचा?

वेगात पहिला मार्ग सरळ बाजी मारतो. सर्व्हिसचा सांगाडा, डॉकरफाइल, टेस्ट, सगळं तासाभरात. दुसऱ्या मार्गात तेवढ्या वेळात कोणतं टेबल कोणाचं यावरच भांडण चालू असतं.

पण ते भांडण पुढे कामी येतं. आमच्याकडे असिस्टंटने लिहिलं: ऑर्डर डेटाबेसात कमिट, पुढच्याच ओळीत काफ्कावर (सर्व्हिसेसमध्ये निरोप पोचवणारी प्रणाली) इव्हेंट, म्हणजे 'ऑर्डर आली' हा निरोप. वाचायला स्वच्छ, टेस्ट हिरव्या. या दोन ओळींच्या मधे प्रोसेस मेली तर? ऑर्डर नोंदलेली, गोदामाला पत्ताच नाही. रिव्ह्यूत एकीने नेमकं तिथेच बोट ठेवलं. मग त्यालाच 'आउटबॉक्स वापर' म्हटल्यावर पठ्ठ्याने झटक्यात लिहून दिलं: इव्हेंट त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वेगळ्या टेबलात, तिथून उचलून पाठवणारा वर्कर. म्हणजे येत होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं. (हा वर्कर एखादा इव्हेंट दोनदा पाठवू शकतो, म्हणून घेणाऱ्याने आयडी तपासायचा. हेही आम्हीच सांगितलं.)

दुसरी अडचण रेपोच्या, म्हणजे कोडच्या साठ्याच्या, बाहेरची. रात्री दोनला अलर्ट आला तर उठणार कोण, हे कोणत्याच फाइलीत नसतं. सिस्टिमची रचना ती बनवणाऱ्या संस्थेतल्या संवादाच्या वळणावर जाते, हे मेल्विन कॉनवेने १९६८ मध्येच मांडलं होतं. टीमची ही बाजू असिस्टंटला दिसत नाही, म्हणून 'मायक्रोसर्व्हिस (छोट्या स्वतंत्र सर्व्हिसेस) करूया ना?' विचारलं की तो बहुतेकदा मान डोलावतो, 'नकोच ना?' विचारलं तरी डोलावतो.

अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओ टीमने व्हिडिओचा दर्जा तपासणाऱ्या सर्व्हिसचे तुकडे एका प्रोसेसमध्ये आणले आणि खर्च ९० टक्क्यांहून जास्त घटल्याचं २०२३ मध्ये सांगितलं. तुकड्यांमध्ये फ्रेम्स एस-थ्री या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड स्टोरेजमार्फत फिरत होत्या. असलं दुखणं कोड कितीही वाचला तरी दिसत नाही, लोड आणि बिल समोर लागतं.

नमुना दाखवून फेकून द्यायचा असेल, तर पहिला मार्ग बिनधास्त घ्या. अनोळखी जुना कोड समजून घ्यायलाही असिस्टंटच बरा. पैसे किंवा माल हलत असेल तिथे मात्र दुसरा. आम्ही आता प्रत्येक निर्णय कारणासकट अर्ध्या पानात लिहून रेपोतच ठेवतो. तेव्हापासून असिस्टंटही नवा कोड देताना आउटबॉक्सचं टेबल आपणहून धरतो.