खजिनदाराची वही: एक्सेल, शीट्स की कॅल्क?

गृहनिर्माण संस्थेत खजिनदारपद वाट्याला आलं की पहिल्या आठवड्यातच प्रश्न पडतो, हिशेब ठेवायचा कशात? मोठ्या संस्था टॅली घेतात, नाहीतर सोसायट्यांसाठीचं खास सॉफ्टवेअर. आमच्यासारख्या ४८ सदनिकांच्या संस्थेत मात्र पावतीपुस्तक आणि रोकडवहीच्या जोडीला स्प्रेडशीटच असते. मेंटेनन्सची आकारणी, थकबाकीची यादी, मुदतठेवींच्या तारखा, सभेपुढे ठेवायचं उत्पन्न-खर्च पत्रक, सगळं तिच्यातच. हे काम मी ६ वर्षं करतोय. पहिली २ वर्षं एक्सेलवर, पुढची २ गूगल शीट्सवर आणि गेली २ लिब्रेऑफिस या विनामूल्य सॉफ्टवेअर-संचातल्या कॅल्कवर. यंदा शेजारच्या इमारतीतल्या नव्या खजिनदारांनी विचारलं, "तुम्ही यातलं काय घ्याल?" त्यांना तोंडी सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

बेरीज-वजाबाकी, व्हीलुकअप, फिल्टर तिन्हींत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. आपली सूत्रंही साधी असतात. महाराष्ट्राच्या २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर जास्तीत जास्त २१ टक्के सरळव्याज, बिनभोगवटा शुल्क (सदनिका भाड्याने दिली की लागणारं) सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. यातलं कुठलंही सूत्र तिन्हींत एका ओळीत बसतं आणि उत्तर तेच येतं. फरक पडतो तो उत्तर कागदावर कसं दिसतं आणि फाइल दुसऱ्याच्या हातात गेल्यावर तिचं काय होतं, यात.

एक्सेलपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचा हात त्यावरच बसलेला असतो. माझाही होता. कचेरीत वर्षानुवर्षं तेच वापरलेलं, त्यामुळे कीबोर्डवरची बोटं आपोआप चालतात. लेखापरीक्षकांना फाइल पाठवली की ती जशीच्या तशी उघडते. पिव्होट टेबलं एक्सेलइतकी सहज मला दुसरीकडे कुठे जमली नाहीत. कुठल्या विंगची थकबाकी किती, कुठल्या महिन्यात वाढली, हे चार क्लिकमध्ये समोर येतं. पैसे मोजावे लागतात हे खरं, पण ब्राउझरमधली आवृत्ती विनामूल्य आहे आणि आपल्या कामापुरती ती बऱ्यापैकी पुरते. केवळ पैशांसाठी एक्सेल सोडा असं मी म्हणणार नाही.

मी ते सोडलं स्वल्पविरामासाठी.

आमची वार्षिक सर्वसाधारण सभा खालच्या पार्किंगमध्ये भरते. त्या वर्षी प्रोजेक्टर आणला होता, आणि लॅपटॉप होता एका सभासदाच्या मुलाचा. तो नुकताच अमेरिकेहून आला होता आणि लॅपटॉपची सगळी मांडणी तिकडचीच होती. माझ्या घरच्या संगणकावर सिंकिंग फंडाच्या ठेवींचा आकडा १२,५०,००० असा दिसत होता. पडद्यावर तोच आकडा १,२५०,००० असा आला. मी खाली मान घालून पुढचं पान शोधत होतो, एवढ्यात तळमजल्यावरच्या काकांनी मोठ्याने वाचलं, "एक लाख पंचवीस हजार? अहो, मागच्या वर्षी बारा लाखांवर होते ना?" पुढची वीस मिनिटं फक्त हाच विषय. मी बँकेच्या ठेवपावत्या काढून दाखवल्या, प्रत्येक पावतीचा आकडा वाचला, बेरीज करून दाखवली. शंका मिटली, पण मागच्या रांगेत बसलेल्या कितीजणांच्या मनातून ती खरोखर गेली, हे मला आजही सांगता येणार नाही. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब ठेवणाऱ्याला अशी वीस मिनिटं फार लागतात.

काकांची काहीच चूक नव्हती. आपला डोळा पहिला स्वल्पविराम हजारावर, दुसरा लाखावर आणि तिसरा कोटीवर शोधतो. तीन-तीन अंकांचे गट समोर आले की आपण आकडा वाचत नाही, अंदाजाने उचलतो.

घरी येऊन कारण शोधलं. एक्सेल स्वल्पविरामांची जागा फाइलमधून घेत नाही, संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगमधून घेतं. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रीजन’ भारत असेल तर लाख-कोटी दिसतात, अमेरिका असेल तर मिलियन. म्हणजे मी माझ्या घरी कितीही नीट मांडणी केली तरी फाइल दुसऱ्या संगणकावर गेली की स्वल्पविराम त्या संगणकाच्या मर्जीने पडणार. तारखांचंही तसंच. ५ एप्रिलचा धनादेश अशा लॅपटॉपवर दिवस आधी, महिना नंतर असा नोंदवला तर तो ४ मे होऊन बसतो, आणि ही चूक स्वल्पविरामापेक्षा उशिरा सापडते.

यावर एक प्रसिद्ध उतारा आहे. सेलच्या फॉरमॅटमध्ये अट घालायची: रक्कम कोटी किंवा जास्त असेल तर स्वल्पविराम असे टाक, लाख किंवा जास्त असेल तर तसे, बाकी सगळ्यांना नेहमीचे. तो मी वापरला आणि वर्षभर समाधानी होतो. मग लिफ्टच्या दुरुस्तीच्या वर्षी खर्च उत्पन्नापेक्षा वाढला. तूट १,२५,००० ची होती, पडद्यावर मात्र उणे १२५,००० असं आलं. कारण एका फॉरमॅटमध्ये अशा दोनच अटी घालता येतात. त्या कोटी आणि लाखातच संपतात, आणि उणे आकडे सगळे ‘बाकी’मध्ये जातात. उणे रकमांसाठी वेगळा फॉरमॅट करून त्या त्या सेलला लावता येतो, पण एका महिन्यात जमा तर दुसऱ्यात उणे होणाऱ्या शिलकीच्या स्तंभात हे कोण सांभाळणार?

ही तक्रार काहींना किरकोळ वाटेल. ज्यांची फाइल एकाच संगणकावर राहते, त्यांच्यासाठी ती आहेही किरकोळ. त्यांनी ‘रीजन’ भारत आहे का ते एकदा पाहावं आणि एक्सेलवर खुशाल राहावं.

शीट्सकडे मी गेलो ते याच आशेने की फाइल एकाच जागी राहील आणि सगळ्यांना सारखी दिसेल. ती आशा बरीचशी पूर्ण झाली. प्रत्येक वहीचा देश तिच्या सेटिंगमध्ये ठरतो, बघणाऱ्याच्या संगणकाशी त्याचा संबंध राहत नाही. लाखांच्या स्वल्पविरामांसाठी मात्र मला तिथेही तोच अटींचा फॉरमॅट टाकावा लागला, आणि त्याच्यासोबत उणे आकड्यांचं दुखणंही आलं. निदान सगळ्यांना ते एकसारखं दिसत होतं.

बाकी बाबतींत शीट्सचे दोन वर्षांचे अनुभव चांगले आहेत, आणि मी ती पूर्ण सोडलेली नाही. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर येतात तेव्हा रखवालदार फोनवरच गूगल फॉर्म भरतो: तारीख, वेळ, टँकरचा क्रमांक, आणि नोंद आपसूक शीटमध्ये उतरते. पूर्वी टँकरवाल्याचं बिल आणि आमची वही कधी जुळायची नाही. आता महिनाअखेरीला पाच मिनिटांत जुळतं. सचिव आणि मी एकाच वेळी दोन घरांतून एकच यादी भरू शकतो. कुणी चुकून ओळ पुसली तर आवृत्तींचा इतिहास उघडून कालची स्थिती परत आणता येते. ‘अंतिम’, ‘अंतिम सुधारित’, ‘अंतिम सुधारित दोन’ अशा फाइलींचा ढीग व्हॉट्सॲपवर साचत नाही.

अडचण येते ती मालकीची. वही कुणाच्यातरी खात्यात असते, आणि बहुतेक संस्थांत ते खाते असतं आधीच्या सचिवांचं वैयक्तिक. समिती बदलते, माणूस घर विकून दुसऱ्या शहरात जातो, आणि संस्थेचा हिशेब त्याच्या लग्नाच्या फोटोंशेजारी पडून राहतो. विनामूल्य खात्यातली १५ जीबी जागा मेल, फोटो आणि फाइली मिळून असते. ती मर्यादा ओलांडून गेली की त्या खात्यातल्या वह्यांत बदल करण्यावरही बंधन येतं. मालकी दुसऱ्या खात्याकडे देता येते, पण ती देणारा माणूस हाताशी हवा. शीट्स वापरणार असाल तर संस्थेच्या नावाने वेगळं खातं उघडा आणि त्याचा पासवर्ड पदभाराच्या कागदांसोबत बंद पाकिटात ठेवा. हे मी सगळ्यांना सांगतो, मग ते पुढे काहीही वापरोत.

आता कॅल्क. पहिल्यांदा उघडाल तेव्हा ते जुनाट वाटेल, मलाही वाटलं होतं. अध्यक्षांनी विचारलं, "फुकटचं आहे, किती दिवस टिकणार?" प्रश्न रास्त होता. लिब्रेऑफिस २०१० मध्ये ओपनऑफिस या तशाच जुन्या संचापासून वेगळं झालं, आणि ओपनऑफिसचा मूळ कोड २००० सालापासून खुला आहे. त्याची ओडीएफ ही फाइलरचना २००६ पासून आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. उद्या लिब्रेऑफिस नसलं तरी त्या फाइली उघडणारं दुसरं काहीतरी असेल. एवढ्यावर अध्यक्षांचं समाधान झालं.

माझं समाधान झालं ते ‘फॉरमॅट सेल्स’च्या चौकटीत. तिथे आकड्यांच्या पानावर भाषेचा एक छोटा रकाना आहे. त्यात मराठी किंवा भारतातली इंग्रजी निवडली आणि हजारांच्या विभाजकावर खूण केली की स्वल्पविराम लाख-कोटीप्रमाणे पडतात. अट नाही, कोड नाही. उणे आकडेही तसेच, उणे १,२५,००० म्हणजे उणे १,२५,०००. आणि ही निवड त्या सेलसोबत फाइलमध्ये जाते. त्याच अमेरिकी मांडणीच्या लॅपटॉपवर कॅल्क टाकून मी मुद्दाम ती फाइल उघडून पाहिली, १२,५०,००० हे १२,५०,०००च राहिले. फक्त तो रकाना ‘डीफॉल्ट’वर सोडू नका, सोडलात तर कॅल्कही संगणकाचंच ऐकतं.

याच रकान्याच्या जोरावर आणखी एक गोष्ट होते. मराठी भाषा निवडून फॉरमॅटच्या कोडआधी चौकटी कंसात ‘नॅटनम१’ (इंग्रजी अक्षरांत, [NatNum1] असं) लिहिलं की आकडे देवनागरीत दिसतात, आत संख्या मात्र संख्याच राहते आणि बेरीज होते. आमच्याकडे सूचनाफलकावर थकबाकीची यादी आता अशीच लागते. ज्येष्ठ सभासदांना ती आवडते, एवढं निश्चित सांगू शकतो.

कॅल्कच्या उणिवाही सांगतो. दोघांनी एकाच वेळी एकच फाइल भरण्याचं शीट्ससारखं सुख त्यात नाही. फोनवर ते शीट्ससारखं हाताशी येत नाही. एक्सेलमध्ये कुणी मॅक्रो (ठरावीक काम आपोआप करणाऱ्या आज्ञा) लिहून ठेवले असतील तर ते इथे चालतीलच असं धरू नका, आमच्या पावत्यांचा मॅक्रो मला नव्याने करावा लागला. आणि लेखापरीक्षकांसाठी फाइल एक्सेलच्या रचनेत जतन केली की स्तंभांची रुंदी क्वचित हलते, शिवाय त्यांच्या एक्सेलमध्ये स्वल्पविराम पुन्हा त्यांच्या संगणकाप्रमाणे दिसतात. म्हणून मी त्यांना दोन फाइली पाठवतो: तपासायला एक्सेलची आणि वाचायला पीडीएफ. सभेत आता पडद्यावरही पीडीएफच उघडतो.

इतिवृत्त लिहायला वर्ड, डॉक्स की रायटर, यात मला फारसा फरक जाणवला नाही. डॉक्समध्ये मराठीत बोलून लिहिता येतं, टंकलेखनाचा सराव नसलेल्या सचिवांना त्याचा मोठा आधार आहे. तिन्हीकडे फक्त युनिकोडमध्येच लिहा. जुनी इतिवृत्तं टायपिंगवाल्याकडच्या जुन्या फॉन्टमध्ये असतात आणि आपल्या संगणकावर ती चिन्हांची रांग होऊन येतात. युनिकोडमध्येही ‘दुसऱ्या’तला चंद्रकोरीसारखा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीने लिहिलेली ‘दुसऱ्या मजल्यावरील गळती’ दुसऱ्या पद्धतीने शोधली तर मला सापडली नव्हती. तेव्हापासून मी नुसतं ‘गळती’ शोधतो.

सादरीकरणाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वर्षातून एकदा सहा स्लाइड लागतात.

शेजारच्या खजिनदारांना मी विचारलं, लेखापरीक्षक सोडून तुमची फाइल आणखी कोण उघडतं? ते म्हणाले, समितीतले सातही जण, आपापल्या संगणकावर. मग मी त्यांना वही कॅल्कमध्ये ठेवायला आणि टँकर, पार्किंग, पाहुण्यांच्या नोंदी शीट्सवर न्यायला सुचवलं. तुमच्याकडे एकटे तुम्हीच हिशेब बघत असाल आणि एक्सेलवर हात बसलेला असेल तर उगाच बदलू नका. पण फाइल फिरणार असेल, तर माझं मन कॅल्ककडे झुकतं.

बदल करायचाच असेल तर तो एप्रिलमध्ये करा. ३१ मार्चला वर्ष संपतं आणि सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये, लेखापरीक्षण चालू असताना, वही हलवू नका. नव्या फाइलीत पहिली नोंद करण्याआधी रकमांचे सगळे स्तंभ निवडून भाषेचा तो रकाना भरा. जुनी एक्सेलची फाइल कॅल्कमध्ये उघडून पुढे चालवणार असाल तर तिच्यातही हेच करा, आणि एकदा खोटी उणे रक्कम टाकून बघा, लाखाच्या वरची.