ठासणीच्या बंदुकांसाठी रेनेसान्स वॅक्स

ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५०च्या दशकात तयार झालेलं हे मेण लोखंड, पितळ आणि लाकूड तिन्हींना चालतं. जुन्या बंदुकीला तेलापेक्षा हेच बरं. तेल धूळ धरून ठेवतं आणि लॉकच्या (बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या) खाचेतून दस्त्यात, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागात, झिरपून लाकूड काळं, मऊ करतं.

बंदूक हातात घेतली की आधी नळीत गज घाला. गज अडला की नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा आणि खुणेपासून टोकापर्यंतची लांबी नळीच्या तोंडापासून बाहेरून लावून बघा. गजाचं टोक रंजकाच्या कानाच्या (नळीच्या मागच्या बाजूला बत्ती देण्याच्या छिद्राच्या) बरंच अलीकडे राहिलं, तर आत दारू-गोळी असू शकते. मग जाणकाराशिवाय पुढे जाऊ नका.

मेण नखाच्या टोकाएवढंच घ्यायचं, सुती कापडाने वीतभर भागावर पातळ फिरवायचं आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने घासायचं. जास्त झालं की नक्षीच्या रेघांत पांढरं बसतं, ते मऊ ब्रशने काढावं लागतं. तडकलेल्या पॉलिशवर तर लावूच नका.

हे मेण गंज काढत नाही. लाल, भुरभुरणारा गंज आधी काढावा लागतो, नाहीतर तो मेणाखाली वाढतच राहतो. जुना तपकिरी थर मात्र खरवडू नका; बंदुकीचं अर्धं मोल त्यातच असतं. वास उग्र आहे, खिडक्या उघड्या ठेवा.